बयाकाकूंनी निवडलेला शेजार

फार जुनी गोष्ट. एका देवळामागच्या कुंडात कोळंब्यांचं कुटुंब राहत असे. एकटेपणाला कंटाळून त्यांनी ठरवलं, शेजाराला एखादा मासा घ्यावा. निवडीचं काम अर्थातच बयाकाकूंकडे आलं, कारण कुंडात सर्वांत म्हाताऱ्या त्याच.

पहिला आला एक चंदेरी मासा. "काकू, मी माळकरी. शेवाळाशिवाय कशाला तोंड लावत नाही," तो लवून म्हणाला. सगळ्या कोळंब्या खूश! काकू मात्र म्हणाल्या, "एखादा अभंग म्हणून दाखवा की."

त्यानं झोकात तान घेतली आणि जबडा असा वासला, की काकूंची नात चिमी आख्खी आत मावली असती.

"गळा गोड आहे हो," काकू म्हणाल्या, "पण आमच्याकडे जागा नाही."

मग काडीएवढी एक मासोळी आली. "गाणंबिणं मला येत नाही!" ती फणकारली. तोंड उघडलं ते जेमतेम मोहरीएवढं.

"या, आजच राहायला या," काकू म्हणाल्या.

"काकू, ही तर भांडकुदळ!" सगळ्या कुजबुजल्या.

"भांडू दे."

दुसऱ्या दिवशी चिमीनं कात टाकली. कात टाकलेली कोळंबी लोण्यासारखी मऊ, मोहरीएवढ्या तोंडानंही कुरतडता यावी अशी. पोर उघड्यावर पानावर बसली होती आणि मासोळी नेमकी तिथूनच निघाली. काकूंचा जीव खालीवर झाला.

मासोळी थबकली आणि कडाडली, "कपडे असे वाटेत टाकतात का गं? उचल आधी!"

काकूंनी हुश्श केलं. "उचल गं बाई," त्या हसून म्हणाल्या, "शेजारीण आपल्या भल्याचंच सांगतेय."