ओतून दिलेले आचमन

एकदा एक वृद्ध आचार्य शिष्यासह डोंगरातल्या एका नदीकाठी आले. पैलतीरावरच्या गावात शिष्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न होते. ज्येष्ठातला शेवटचा गोरज मुहूर्त, आणि वधूला भाऊ हा एकच. त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. नदीत पाणी म्हणाल तर घोट्याएवढे, आणि ऊनही लख्ख.

आचार्य माध्यान्ह संध्येसाठी पाण्यात उतरले. आचमनाला तळहातावर पाणी घेतले, निरखून पाहिले आणि न पिताच ओतून दिले. पुन्हा घेतले, पुन्हा ओतले. मग ओले धोतर सावरीत ते माघारी वळले.

"टेकाडावर चल," एवढेच म्हणाले.

शिष्य चक्रावला. आचमन कधी न चुकवणाऱ्या गुरूंना आज झाले तरी काय? वाळूत एक व्यापारी तट्टावर गुळाच्या ढेपा लादत होता. आचार्यांनी सरळ त्या तट्टाचा लगाम धरून ते टेकाडाकडे ओढले.

"अहो महाराज, तट्टू कुठं नेता? ढेपा राहिल्यात खाली!"

"राहू द्यात. तुम्ही या."

तट्टामागे व्यापारी निघाला, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. शिष्य मात्र काठावरच घुटमळला.

"गुरुजी, चार ढांगांत पोहोचेन. तिकडे सगळे माझी वाट पाहताहेत."

"म्हणूनच सांगतो, वर ये!"

गुरू असे कधी ओरडले नव्हते. तो फणफणत वर चढला, तोच वरच्या वळणावरून घरघर ऐकू आली. पाहता पाहता तांबड्या पाण्याचा लोंढा आला आणि वाळू, ढेपा, पलीकडे जाणारी वाट, सारे घेऊन गेला. व्यापाऱ्याने तट्टाच्या मानेला मिठी मारली.

आचार्य म्हणाले, "आचमनाच्या पाण्यातून तळहाताच्या रेषा दिसाव्यात. आधी त्या अंधुक झाल्या, मग दिसेचनात; पालापाचोळाही वाहत आला. ऊन आपल्या डोक्यावर होते, पाऊस डोंगरावर. पाणी एकाएकी गढूळले की मागून लोंढा येतो. तेव्हा खोली पाहू नये, सामान आवरू नये. उंच जागा गाठावी. मुहूर्त जरूर पाळावा, बाळा. पण नदी काही पंचांग पाहून येत नाही."

संध्याकाळी पैलतीरावरून सनई ऐकू आली आणि शिष्याला रडू आवरेना. तेव्हा आचार्यांनी अलीकडूनच खड्या आवाजात मंगलाष्टके म्हटली. व्यापाऱ्याने तट्टावरची एक ढेप फोडून सर्वांचे तोंड गोड केले.

सकाळी नदी उतरली, निवळली. मग ते पलीकडे गेले. मांडवातून बहीण धावत आली, भावाच्या गळ्यात पडली आणि आधी रडली, मग उशीर केला म्हणून रागावली. तिच्यामागे नवे जावईबापू उभे होते.

"कानपिळीला चुलत मेहुणे टपलेच होते," ते म्हणाले, "पण आम्ही कुणाला हात लावू दिला नाही." त्यांनी वाकून उजवा कान पुढे केला. "पिळा. जरा बेतानं."

शिष्याने कानाकडे हात नेला, पण आधी वळून त्याने गुरूंना नमस्कार केला.