न मुरलेला चाकू

चैत्र वद्य तृतीया. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, सकाळपासूनच उकाडा. त्या दिवशी एका डोंगरगावातल्या एका लोहाराने आपल्या कमरेचा चाकू काढून भलत्याच माणसाच्या हाती दिला.

हा लोहार मिटणारे चाकू करत असे. झिजलेली कानस तापवून तो तिचे पाते घडवी, त्याला नीट पाणी देई, आणि मुठीला रानात गळून पडलेले सांबरशिंग लावी. मुठीच्या पाठीत पोलादाची कमान असे, ती उघडलेले पाते ताठ धरून ठेवी. पाते ज्याच्यावर फिरे तो पितळी खिळा मात्र एकच. त्याच्या चाकूने बाभळीची फांदी छाटावी आणि तिथेच बसून कांदा चिरावा, अशी धार.

पण लोक त्याच्याकडे येत ते वेगळ्याच कारणाने. चाकू तयार झाला की तो लगेच देत नसे. महिनाभर स्वतःच्या कमरेला बाळगी. त्यानेच दातवण छाटी, दोर कापी, आंबा चिरी. नवे शिंग अंगाच्या उबेने हळूहळू आखडते, मग खिळा ढिला पडतो आणि पुन्हा ठोकून बसवावा लागतो.

"ढिला व्हायचा तो माझ्या कमरेला होऊ दे," तो म्हणे. "गिऱ्हाइकाच्या हातात नको."

महिना सरला की चाकू मुरला, असे तो म्हणे, आणि मगच पात्यावर आपला चंद्रकोरीचा ठसा मारी. ठसा दिसला की कुणी पुढे काही विचारत नसे.

त्या वर्षी त्याच्या कमरेला होता तो चाकू कड्यावरून मध काढणाऱ्या एका माणसाचा होता. हा माणूस दोराला लोंबकळून आग्या मोहोळ कापत असे. वर दोर धरायला त्याच्या बायकोचा भाऊ. मधवाल्यांची रीतच तशी. बहिणीचं कुंकू ज्याच्या हाती, तो दोर सोडत नाही.

"उघडा कोयता कमरेला नको वाटतो, दादा," मधवाला म्हणाला होता. "उतरताना दोराला लागतो. मला मिटणारा करून द्या."

लोहाराने जीव ओतून चाकू केला होता. इतका चांगला चाकू त्याच्या हातून आधी कधी उतरला नव्हता. त्या तृतीयेला गावच्या पाटलाने तो पाहिला, उघडला, मिटवला, पुन्हा उघडला.

"हा मला दे. उद्या व्याही यायचे आहेत. त्यांच्या हातात ठेवतो."

"पाटील, हा मधवाल्याचा आहे. परवा न्यायला येणार तो."

"मग त्याला दुसरा कर! माकडासारखा कड्यावर चढणार, त्याला काय करायचंय असलं नक्षीदार शिंग? अरे, व्याह्यांच्या सात गावांत तुझं नाव होईल."

नाव होईल, हे शब्द लोहाराच्या कानात घुमत राहिले. त्याने ठसा मारला आणि चाकू दिला.

मग दोन दिवस भाता थांबला नाही. तसेच पाते, तशीच मूठ, तशीच कमान. पंचमीला सकाळी नवा चाकू ऐरणीवर होता. अजून मुठीवर घामाचा डागही पडला नव्हता. लोहाराने ठसा हातात घेतला, थोडा थांबला, आणि हातोडी मारली.

मधवाला आला. चाकू पाहून हरखला.

"देखणा झालाय की! महिनाभर कमरेला होता ना, दादा?"

लोहार भात्याकडे वळला. "ठसा दिसतोय ना?"

"दिसतोय, दिसतोय," मधवाला हसला. "मेव्हण्याला सवय आहे विचारायची. म्हणतो, खात्री करून घे. मी म्हटलं, ठशावर कसली खात्री करायची?"

तो गेला. दुपारी जेवताना आंबा चिरायला लोहाराचा हात सवयीने कमरेला गेला. तिथे काही नव्हते.

बायको बघत होती. "अहो, त्याचा चाकू तर पाटलांनी नेला. मग आज काय दिलंत त्याला?"

लोहार ताटावरून उठला. आंबाही खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कड्याची वाट चढू लागला.

तो वर पोहोचला तेव्हा धूर केलेला होता आणि मधवाला खाली उतरलेला होता. मेव्हणा पाय रोवून दोर धरून बसला होता.

"वर घे त्याला!" लोहार ओरडला. "चाकू मुरलेला नाही!"

"काय?"

"वर घे!"

तेवढ्यात खालून किंकाळी आली. पोळ्याच्या मुळाशी पाते रुतले होते. मधवाल्याने ते पिळून काढायला जोर लावला, आणि खिळा ढिला पडून पाते कमानीला न जुमानता मिटले, त्याच्या बोटांवर. दोघांनी मिळून त्याला वर ओढले. लोहाराने स्वतःचे मुंडासे फाडून हात बांधला.

मधवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बांधलेला हात त्याने छातीशी धरला.

"दादा, किती दिवस होता कमरेला?"

"एकही नाही."

"मग तेवढंच सांगायचं की." त्याचा आवाज चढला नाही. "मी थांबलो असतो. पोळं कुठे पळून जात होतं? अजून महिनाभर टिकलं असतं."

लोहार खाली मान घालून बसला. मग मेव्हण्याला म्हणाला, "यंदा तू उतर. दोर मी धरतो. जीव गेला तरी सोडणार नाही."

मेव्हण्याने दोराची गुंडाळी खांद्यावर टाकली. "तुमचा शब्द आम्ही काल घेतला होता," तो म्हणाला, आणि मधवाल्याला आधार देत वाट उतरू लागला.

मधवाल्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. तो पुन्हा कड्यावर उतरला नाही. त्या वर्षी कड्यावरची सगळी पोळी तशीच राहिली.

मुलांनो, यातून घ्यायचे ते एवढेच: ज्या खुणेच्या भरवशावर दुसरा आपला जीव धोक्यात घालतो, ती खूण काम पुरे होण्याआधी उमटवू नये.