ठेंगीचं सहावं पान

आज बैलपोळा. गोठ्यात पंगत बसली.
एक बैल. एक म्हैस. एक बोकड. एक कोंबडा. एक कासव.
आणि टोकाला ठेंगी. ठेंगी म्हणजे एवढुश्शी उंदरी.

कोंबडीकाकू पोळ्या वाढत आली. गरम गरम, पुरणाच्या!
एक, दोन, तीन, चार, पाच. थांबली.
ठेंगीचं पान रिकामं.

"काकू, माझी पोळी?"
"पाच जण, पाच पोळ्या. संपलं."
"आणि मी?"
"बैलोबा सहा म्हणाले, तर लाटीन."

ठेंगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बैलोबा, बैलोबा, सहा म्हणा!
कोंबडी लाटेना,
पान माझं भरेना!"

"मला फार कामं," बैल म्हणाला. कामं कसली? नुसता चघळत होता!
"म्हैस म्हणाली, तर म्हणेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"म्हैसआत्या, म्हैसआत्या, सहा म्हणा!
बैल म्हणेना,
कोंबडी लाटेना,
पान माझं भरेना!"

म्हशीने शेपूट हलवलं. डोकं नाही हलवलं.
"आमच्यात पाचच म्हणतात बाई. बोकड म्हणाला, तर म्हणेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोकडमामा, बोकडमामा, सहा म्हणा!
म्हैस म्हणेना,
बैल म्हणेना,
कोंबडी लाटेना,
पान माझं भरेना!"

बोकडाने दाढी हलवली. दाढी लांब, अक्कल आखूड.
"आज उंदरी मोजली, तर उद्या मुंग्या येतील! कोंबडा म्हणाला, तर म्हणेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"कोंबडेराव, कोंबडेराव, सहा म्हणा!
बोकड म्हणेना,
म्हैस म्हणेना,
बैल म्हणेना,
कोंबडी लाटेना,
पान माझं भरेना!"

कोंबड्याने छाती फुगवली. फुस्स!
"ए चिमुरडे, मोठ्यांना शिकवतेस? कासवआजोबा म्हणाले, तर म्हणेन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"कासवआजोबा, कासवआजोबा, सहा म्हणा!
कोंबडा म्हणेना,
बोकड म्हणेना,
म्हैस म्हणेना,
बैल म्हणेना,
कोंबडी लाटेना,
पान माझं भरेना!"

कासवाने मान आत घेतली. गुडुप!
ठेंगीने पाठीवर वाजवलं. टक टक टक!
आतून हळूच आवाज आला, "सहा म्हणजे किती गं?"

"अय्या! आजोबा, तुम्हाला येत नाही?"
"शूऽऽ! कुणालाच येत नाही."

ठेंगी हसली. खि खि खि!
"एवढे मोठे, आणि पाचावर अडले! बघा आजोबा. तुमची पानं पाच. हे माझं एक. पाच आणि एक, सहा!"

कासवाची मान बाहेर आली. "सहा!"
कोंबडा म्हणाला, "सहा!"
बोकड म्हणाला, "सहा!"
म्हैस म्हणाली, "सहा!"
बैल म्हणाला, "सहा!"
असे ओरडले, जसं काही पहिल्यापासून येत होतं!

कोंबडीने पोळी लाटली. थप थप, चर्रर्र!
ठेंगीचं पान भरलं. वर तुपाची धार!

ठेंगीने घास घेतला. मग वर बघितलं.
"काकू, तुझं पान कुठंय?"
"वाढणारीला मोजत नाहीत गं."
"कोण मोजत नाही?"

बैलाने पानात बघितलं. म्हशीने पानात बघितलं. बोकड, कोंबडा, कासव, सगळ्यांनी पानात बघितलं.

ठेंगी उठली. एक नवं पान आणलं. आपल्या शेजारी मांडलं.
"बस काकू. बैलोबा, आता तुम्ही वाढा!
आणि सांगा, सहा आणि एक किती?"

मोठ्यांना येईना.
तूच सांग बरं!