मीठ आणता का, डॉक्टर?

"पण तो मला का विचारत नाही, फादर?"

फादर सेलेस्तिनो मठाच्या चुलीवर मक्याच्या भाकऱ्या भाजत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मेक्सिकोतल्या त्या डोंगरगावात आर्तुरो हे एकटेच डॉक्टर. राजधानीत शिकलेले. त्यामुळे प्रश्न विचारतानाही उत्तर आपल्याच खिशात असल्यासारखे विचारायचे.

"काल माझा रुबेन माझ्याच दवाखान्याच्या दाराशी घुटमळत होता. मला पाहिलं आणि मागे फिरला. त्याची एक मैत्रीण आहे, हे मला ठाऊक आहे. रोगांपासून, नको त्या वयातल्या बाळंतपणापासून कसं जपायचं, हे मी शाळेत सगळ्या पोरांना सांगतो. आणि माझाच मुलगा..."

"मीठ संपलंय," फादर म्हणाले. "शेजारच्या एलोइसाबाईंकडून आणता का, डॉक्टर?"

डॉक्टरांनी मीठ आणलं.

"दोष आपल्या चालीरीतींचा आहे. घरात या विषयावर ब्रसुद्धा काढायचा नाही. मुलगा असला तर त्याला सगळं येतंच, मुलगी असली तर तिला काही कळताच कामा नये. आणि तुमचं चर्च..."

"तेही आहेच," फादर म्हणाले. "विहिरीवरून पाणी आणता?"

पाणी आलं. डॉक्टरांच्या बुटांना चिखल लागला होता आणि कपाळावर आठ्या होत्या.

"मी तोंड उघडलं की तुम्ही मला कुठेतरी पिटाळता! मी काय लहान पोर आहे?"

आता फादरनी पहिल्यांदाच वर पाहिलं. त्यांना खरोखरच कुतूहल वाटत होतं.

"रुबेननं कधीच काही विचारलं नाही?"

"नाही. म्हणजे... एकदा. नुकतंच मिसरूड फुटत होतं त्याला. सगळे जेवायला बसलो होतो. माझी आई समोर होती. मला लाज वाटली..."

"मग?"

"मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात भाकऱ्या आणायला पाठवलं."

"आणि तो परत आला तेव्हा?"

डॉक्टरांनी चुलीकडे नजर वळवली.

"म्हणालो... गार आणल्यास."

फादरनी तव्यावरच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या आणि डॉक्टरांच्या हातात ठेवल्या.

"या खेपेला तुम्ही घेऊन जा. गार व्हायच्या आत."