एकाच शब्दाचे राज्य

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, दानी होता. पण ऐकण्याचा त्याला भारी कंटाळा. पूर्वेची तटबंदी वरून भक्कम दिसते, पण आतून पोकळ झाली आहे, असे प्रधान सांगू लागला की राजाला जांभई येई. अखेर त्याने दरबाराला नवा रिवाज घालून दिला. राजाने ‘कसे आहे?’ एवढेच पुसावे आणि समोरच्याने एका शब्दात उत्तर देऊन बाजूला व्हावे. दरबारी लोक हुशार. त्यांनी एक शब्द धरला तो धरलाच. तटबंदी कशी? बरी. पीक कसे? बरे. शेजारच्या राजाचे मन कसे? तेही बरेच.

एके दिवशी कूटनाथ नावाचा मांत्रिक दरबारी आला. त्याने माणकांचा एक मुकुट राजापुढे ठेवला.

“महाराज, हा घालणाऱ्याच्या कानी तक्रार पडत नाही.”

“बदल्यात काय हवे?”

“‘कसे’ या प्रश्नाची तुमच्या राज्यातली सगळी उत्तरे. एक तेवढे ठेवून घ्या.”

राजा हसला. ज्या एका शब्दावर दरबार चालत होता, तोच त्याने ठेवला आणि मुकुट डोक्यावर चढवला. कूटनाथाने झोळी पसरली. घराघरांतून, ओठाओठांवरून शब्द उठले आणि झोळीत जाऊन पडले. आंबट गेला, खारट गेला, उंच, ठेंगणा, लबाड, मायाळू, सगळे गेले. मागे उरला तो ‘बरा’.

पहिले दोन दिवस लोकांना गंमत वाटली. मग एकाने विहिरीचे पाणी कसे म्हणून विचारले, दुसऱ्याने बरे म्हणून सांगितले, आणि पिणारा संध्याकाळी गेला. मुलीला स्थळ आले. मुलगा बरा, सासू बरी. लग्नानंतर कळले काय ते. लोक गाऱ्हाणे घेऊन वाड्यावर आले. पण तोंडातून ‘बरे आहे, महाराज’ याखेरीज काही निघेना. मुकुट आपले काम चोख करीत होता.

त्याच दिवसांत बाजारात एक गोष्ट घडली, ती ध्यानात ठेवा. साळू कुंभारणीचा एक रांजण भट्टीत जाण्याआधीच चुकून विकायच्या रांगेत लागला होता. झोळीवाला एक परका मनुष्य घाईघाईने आला. त्याची झोळी उसवत चालली होती, आतले काही वळवळत होते. त्याने रांजणावर बोट ठेवून विचारले, “हा कसा आहे?” साळूने सांगायचा यत्न केला. तोंडातून आले, “बरा.” तिने मान हलवली, हात हलवले, मनुष्य रांजण उचलून चालता झाला. भाजल्यावाचून मडके विकणे ही कुंभाराच्या घरची मोठी नाचक्की. साळूला त्या रात्री अन्न गोड लागले नाही, आणि गोड लागले नाही हेही तिला कुणाला सांगता आले नाही.

पुढे राजाची एकुलती मुलगी कुमुदा आजारी पडली. पोटात दुखे, अंग तापे, डोळे मिटत चालले. राजवैद्यापाशी तीन औषधे होती. एक जळत्या दुखण्याचे, एक टोचत्या दुखण्याचे, एक जड दुखण्याचे. जे लागू पडेल ते तारेल, उरलेली दोन्ही मारतील. वैद्याने विचारले, “दुखणे कसे आहे?” कुमुदा म्हणाली, “बरे.” वैद्याने तिच्यापुढे निखारा धरला, काटा धरला, धोंडा धरला. ग्लानीत तिने तिन्हींना पापण्या मिटल्या. वैद्य बाहेर येऊन राजाला म्हणाला, “तीन सूर्यास्त. पुढचे माझ्या हाती नाही.”

राजाने मुकुट ओढून पाहिला. तो डोक्याला घट्ट रुतला होता. सात शिपाई कूटनाथाच्या काजळडोंगराकडे गेले होते, त्यांतला एकही परतला नव्हता.

कुमुदाची आई बाळंतपणात गेली, तेव्हा तान्ह्या कुमुदाला दूध पाजले होते साळूने. बातमी ऐकताच साळू मातीचे हात न धुता वाड्यात आली. कुमुदाने तिचा हात ओळखला, गालाशी धरला. तिचे ओठ काहीतरी शोधू लागले. त्या हाताला ती लहानपणापासून एकच काहीतरी म्हणत आली होती. ते सापडेना. “दुधाई, तुझा हात... बरा,” ती म्हणाली आणि रडली. साळूने तिचे डोळे पुसले.

ती उठून राजापुढे गेली.

“महाराज, मी जाते.”

“सात शिपाई आले नाहीत.”

“त्यांनी तिला दूध पाजले नव्हते.”

राजाने मान खाली घातली. साळूने कमरेला मातीचे बोळके बांधले, ओच्यात मळलेल्या मातीचा गोळा घेतला आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगराच्या पायथ्याशी पोचली. तिथे तीन झरे होते आणि त्यांच्याकाठी सात दगडी शिपाई ओंजळी तोंडाशी धरून उभे होते. वडाच्या फांदीवर धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, “प्यायल्यावाचून पाय वर चढत नाही. यांच्या नायकाने चव घेतली. बाकीच्यांनी विचारले, पाणी कसे? तो म्हणाला, बरे. मग सगळे प्यायले.”

साळूने विचारले नाही. तिने गोळ्याचे तीन तुकडे केले आणि तीन झऱ्यांत सोडले. पहिल्यात माती तत्काळ दगड झाली. दुसऱ्यात ती फेसाळून काळी पडली. तिसऱ्यात ती विरली, जशी घरच्या हौदात विरते. साळू तिसऱ्याचे पाणी प्यायली, बोळके भरून घेतले आणि चढू लागली.

अर्ध्या डोंगरावर निखाऱ्यांच्या तीन वाटा होत्या. धनेश वरून म्हणाला, “दोन जाळतात, एक नुसती दिसते.” वीस वर्षे भट्टीशी बसलेल्या बाईला याचे काय मोठेसे? तिने वाळके गवत टाकून पाहिले. दोन वाटांवर ते भुर्रकन गेले, तिसरीवर तसेच पडून राहिले. तरीही पाऊल टाकताना तिने डोळे मिटले आणि कुमुदाचे नाव घेतले.

तिसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा ती शिखरावरच्या गुहेत पोचली. कूटनाथ व्याघ्रचर्मावर बसला होता. त्याच्यापुढे तीन रांजण होते, एका मापाचे, गेरूने एकाच रंगात माखलेले, मेणाने झाकण लावलेले.

“एकात तुमची उत्तरे आहेत,” तो म्हणाला. “एकात तक्षकाचे पिल्लू, एकात विषारी धूर. बोटाने एकेकदा वाजव आणि ओळख.”

साळूने पहिला वाजवला. ठणकन आवाज आला. दुसराही तसाच बोलला. तिसऱ्यावर बोट आपटले, तर आवाज जागच्या जागी बसला. साळूने वाकून पाहिले. रांजणाच्या गळ्याखाली अंगठ्याचा ठसा होता. तो तिचाच होता. उसवत्या झोळीतले शब्द भरायला घाईने नेलेला रांजण तो हाच.

“हा,” ती म्हणाली.

कूटनाथ चमकला, मग हसला. “ओळखलास. आता घेऊन जा. मात्र उचलायचा नाही, फोडायचा नाही, झाकणाला हात लावायचा नाही. यातले एक जरी केलेस, तर आतले सगळे मरेल. ही माझी अट, आणि मीही तिला बांधलेला आहे.”

गुहेच्या तोंडाशी ऊन पिवळे होऊ लागले होते. साळूने कमरेचे बोळके सोडले आणि रांजणाच्या पोटावर पाणी ओतले. कूटनाथ पाहत राहिला. तो कधी चाकावर बसला नव्हता. बाई रांजण धुते आहे, एवढेच त्याला दिसले. पाणी मातीत मुरले. बोळके रिकामे झाले, रांजण उभाच राहिला. साळूने ओला तळवा टेकवला आणि एकाच जागी फिरवू लागली, एरवी गुळगुळीत करायला फिरवी तसा. माती बोटांना येऊ लागली. ऊन उंबऱ्यावरून सरकले. तिचा हात थांबला नाही. अखेर रांजणाचे पोट मऊ झाले, खचले, आणि तिथे बोराएवढे भोक पडले.

त्यातून वाऱ्याचा झोत सुटला. हजारो शब्द गुहेबाहेर पडले आणि राजधानीकडे धावले. एक साळूच्या तोंडात परतला.

कूटनाथ उठून ओरडला, “अट मोडलीस. फोडलास.”

“फुटला नाही, विरघळला,” साळू म्हणाली. “रांजण कच्चा होता. त्या दिवशी तुम्ही विचारलेत, तेव्हा हेच सांगत होते. तुम्हीच मला सांगू दिले नाहीत.”

मांत्रिकाने मंत्र म्हणण्यास तोंड उघडले. पण लुटीवर उभी असलेली त्याची विद्या लुटीबरोबरच गेली होती. तो व्याघ्रचर्मावर मटकन बसला, एक साधा म्हातारा. साळू त्याच्याकडे न पाहता उतरू लागली. सूर्य डोंगराआड जात होता. शब्द वेळेत पोचले की नाही, हे तिला सांगणारे कुणी नव्हते. खाली सात शिपाई हातपाय चोळीत बसले होते. त्यांच्याशी बोलायलाही ती थांबली नाही. दीड दिवसाची वाट ती रडत चालली.

वाड्याच्या दाराशी राजा स्वतः उभा होता. डोक्यावर मुकुट नव्हता. तो पायरीवर पडून होता. अंगणात गाऱ्हाणी सांगणाऱ्यांची रांग लागली होती आणि तटबंदी कुठे पोकळ आहे, ते प्रधान राजाला सावकाश सांगत होता. राजा जांभई न देता ऐकत होता. साळूला पाहताच त्याने प्रधानाला थांबवले आणि तिला हात जोडले. सूर्यबिंब अर्धे बुडाले असता कुमुदा ‘टोचते’ म्हणाली, असे त्याने सांगितले.

साळू आत धावली. कुमुदा उशीला टेकून बसली होती. तिने साळूचा हात ओढून घेतला, गालाशी धरला आणि डोळे मिटले.

“खरखरीत,” ती म्हणाली.