पांढऱ्या पाडसाची आई

मुलांनो, सागाच्या एका रानात हरणांचा मोठा कळप राहत होता. त्यातल्या एका हरिणीला पाडस झाले, तेही खुरांपासून कानांच्या टोकांपर्यंत पांढरेशुभ्र! अंगावर एक ठिपका नाही, डोळे गुलाबी. उन्हात नेले की ते डोळे गच्च मिटून घेई आणि त्याची कातडी लाल होई.

कळपाचा म्होरक्या भरदार शिंगांचा होता. तो गरजला, "काय हे अवलक्षण! नक्कीच तू नको तो पाला खाल्ला असशील. वाघाला हे लांबूनसुद्धा दिसेल. टाकून दे त्याला, नाहीतर तूही चालती हो!"

"तुम्ही सगळे खाता तोच पाला मी खाल्ला," हरिणी म्हणाली. कुणीच तिची बाजू घेतली नाही. पाडसाला घेऊन ती एका खोल, सावलीच्या घळीत राहायला गेली.

उन्हे उतरली की ती त्याला चरायला नेई. त्याला नीट दिसत नसे, म्हणून जवळ जाण्याआधी हलकेच साद घाली. पण आपले काय चुकले, हा विचार तिला सुखाने बसू देत नसे. एकदा कळपातली म्हातारी हरिणी मुद्दाम तिला भेटायला आली. "पोरी, माझ्या आजीचा भाऊ असाच होता," ती म्हणाली. "हे रक्तातूनच येते. आई आणि बाप, दोघांच्याही अंगात लपून असते, त्यांनाही ठाऊक नसते. तुझे काही चुकलेले नाही." हरिणी किती दिवसांनी मोकळेपणी रडली.

पुढच्या वर्षी म्होरक्याच्या लेकीला पाडस झाले. तेही पांढरे! सगळा कळप म्होरक्याकडे बघू लागला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी लेकीला आणि नातवाला घेऊन तो घळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. त्याची मान खाली होती.

"माझे चुकले, बाई," तो म्हणाला. "हे पोर डोळेच उघडत नाही. काय करावे, आम्हाला कळत नाही."

हरिणीच्या ओठांवर कडू शब्द आले होते. पण तिला ते उन्हात थरथरणारे पिल्लू दिसले.

"आधी त्याला सावलीत आणा," ती म्हणाली. "बाकीचे मग बोलू."

आत बसलेले तिचे तरणेताठे पांढरे लेकरू उठले आणि त्याने आपली जागा त्या पिल्लाला दिली.

तात्पर्य : जन्मतः आलेल्या वेगळेपणासाठी कुणाला दोष देऊ नये, त्या जिवाला काय हवे आहे, ते आधी पाहावे.