ओसरीवरची रिकामी जागा

फार फार दिवस झाले त्याला, पण वेळ अजून सांगतात, सकाळचे सव्वानऊ. सोन्याच्या एका अणूच्या मधोमध गाभामाय बसली होती. तिची इलेक्ट्रॉन लेकरं झोपेत चालल्यासारखी तिच्याभोवती फिरत होती. दोघं अगदी मांडीशी, काही माजघरात, काही ओसरीवर.

"दाराशी जाऊ नका रे मेल्यांनो, कुणी उचलून नेईल!" ती ओसरीकडे बघून सारखी ओरडायची. मांडीवरच्या छबूची मात्र तिला काळजीच नव्हती.

तेवढ्यात प्रोटॉन नावाचा वाटसरू भरधाव आला. ओसरीवरच्यांना त्यानं हातही लावला नाही. तो थेट आत शिरला, छबूला धक्का दिला आणि निघून गेला. छबू पार घराबाहेर फेकला गेला.

"आता घरात अंधारच," माय रडत म्हणाली.

"रडू नको गं, मी येते खाली," म्हणत माजघरातल्या ठकीनं उडी घेतली. त्यासरशी डोळ्यांना न दिसणारा क्ष-किरणांचा उजेड बाहेर पडला. प्रत्येक जातीच्या अणूचा हा उजेड वेगळा, त्यावरून लांबच्या यंत्रांनी ओळखलं, हे घर सोन्याचं. ठकीच्या जागी ओसरीवरचं एक लेकरू उतरलं, आणि शेवटी रिकामी जागा उरली ती दाराशीच.

तेव्हापासून माय येणाऱ्याजाणाऱ्याला विनवते, "माझा छबू भेटला तर एवढं सांगा. मांडीवर ठकी बसलीय, पण दाराजवळची जागा त्याचीच आहे. तिथं बसलास तरी माय ओरडणार नाही म्हणावं."